फिलूमावशीचा मांडव

मोकळी जागा दिसली, की फिलूमावशी तिथे मनातल्या मनात मांडव घालत असे. 'मनातल्या मनात' हे मी भिडेखातर लिहिले. प्रत्यक्षात ती हे काम मोठ्याने करी. बसच्या वरच्या मजल्यावरून एखादे क्रिकेटचे मैदान दिसले, की काचेवर बोट टेकवून ती जागा वाटू लागे. "चूल त्या झाडाखाली. म्हातारी मानसं भिंतीकडं, वारा लागायचा नाय. गाड्या तिकडं, बैलांना सावली हाय." मैदान लंडनच्या एका उपनगरातले असे आणि बैल तिथून हजारो मैलांवर असत, परंतु या तपशिलाने तिच्या नियोजनात फरक पडत नसे. एकदा आम्ही तिच्या इस्पितळातल्या एका वृद्ध सहकाऱ्याच्या दफनविधीला गेलो होतो. प्रार्थना संपल्यावर तिने जमिनीचा उतार न्याहाळला आणि पाद्रीबाबांना इंग्रजीत सांगितले, "व्हेरी गुड प्लेस, फादर. नो वॉटर स्टँडिंग." मृताच्या वतीने केलेले हे कौतुक पाद्रीबाबांनी नम्रपणे स्वीकारले.

फिलूमावशी म्हणजे फिलोमिना, माझ्या आईची धाकटी, अविवाहित बहीण. आम्ही अंधेरीजवळच्या मरोळ गावठाणातली मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसे. दर जानेवारीत एरंगळचा सण आला, की आमचे गावठाण भांडी, चटया आणि जिवंत कोंबड्या बैलगाड्यांत घालून समुद्रकाठच्या त्या चर्चपाशी मुक्कामाला जाई. चर्चमधली मिस्सा-प्रार्थना, बँड, रांधणे आणि उघड्यावर झोपणे असा तो कार्यक्रम. त्यात जागा धरण्याचे खाते मावशीकडे होते. गाडी थांबण्यापूर्वीच ती खाली उडी टाकी आणि आपण येईपर्यंत अर्धा किनारा आपला झालेला असे.

मी बारा वर्षांची असताना एका इंग्रज कुटुंबाबरोबर स्वयंपाकीण म्हणून ती विलायतेला गेली. त्या कुटुंबातली मुले मोठी झाली, तेव्हा ती एका इस्पितळाच्या भटारखान्यात लागली. पुढे दहा-अकरा वर्षांनी मी रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी तिथे पोहोचले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. गावठाणाची बोली मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सोडली होती. माझ्या तोंडच्या एका 'नाय'वर एक सहाध्यायिनी हसली, तेवढे कारण मला पुरले.

माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरअखेर संपणार होती. त्यानंतर प्रयोगशाळेत दोन वर्षांची एकच जागा होती आणि ती कोणाला द्यायची, हे हेलनच्या शिफारशीवर ठरणार होते. हेलन आमची वरिष्ठ संशोधक. ऑगस्टमध्ये तिनेच प्रस्ताव मांडला, की आपण काही जण एका शेतावर भरणाऱ्या तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाला तंबू घेऊन जाऊ. मी तत्काळ होकार दिला. विद्युत गिटारींविषयी मला आस्था नव्हती. हेलनने मला प्रयोगशाळेबाहेर, आपल्यातलीच एक म्हणून पाहावे, याविषयी होती.

हे मी मावशीपाशी बोलून बसले, ही पहिली चूक.

"तीन दिस शेतात? उघड्यावर? गान्याबजावन्यासाठी?"

"हो."

"म्हंजे सण."

"सण नव्हे, मावशी. हा आधुनिक संगीताचा..."

"फादर येनार?"

"नाही."

"मग जेवन कोन बघनार?"

या दोन प्रश्नांतला संबंध मला आजही उलगडलेला नाही. "तू येऊ नकोस," असे मी तिला तीन वेळा स्पष्ट शब्दांत सांगितले. शुक्रवारी दुपारी आम्ही शेताच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा ती तिथे उभी होती. साडीवर इस्पितळाचा पांढरा कोट, पायांत भटारखान्यातले रबरी बूट, दोन गाठोडी, गुंडाळलेल्या चटया आणि डोक्यावर उपडे घातलेले एक पातेले.

"चार तास झाले जागा धरून बसलीय," ती म्हणाली. "कुटं होता तुमी?"

आम्ही चौघे होतो: हेलन, तिचा विद्यार्थी पीटर, मी आणि सुहास. सुहास मुलुंडचा, पवईच्या संस्थेतून अभियांत्रिकी करून आलेला, जिभेला हाड नसलेला. पातेले पाहून तो म्हणाला, "झकास! आता उपाशी मरत नाही आपण." ओळख करून देण्याची ती योग्य वेळ होती. ती मी तंबू बांधण्याच्या गडबडीत जाऊ दिली.

तंबूची जागा मी शास्त्रीय पद्धतीने निवडली. रंगमंचापासूनचे अंतर, उतार, पायवाट, सर्व विचारात घेतले. मावशीने बोट ओले करून हवेत धरले. "पोरी, ही जागा वाऱ्याच्या तोंडात हाय." मी तिला त्या प्रदेशातल्या वाऱ्यांची सर्वसाधारण दिशा समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या चटया कुंपणाच्या आडोशाला पसरल्या. शनिवारी सकाळी मी दात घासून परतले, तेव्हा माझा तंबू कुंपणाच्या पलीकडे एका गायीजवळ पडला होता.

चटया तिने वीस माणसांना पुरतील अशा पसरल्या होत्या. "कोण यायचं आहे?" पीटरने विचारले. "येतील," ती म्हणाली. आणि खरोखरच आले. लांब केसांचे, अनवाणी, गळ्यात मणी घातलेले तरुण आणि त्यांच्या तशाच मैत्रिणी. आकाशाकडे टक लावून गवतात पडलेल्यांना मावशीने एका नजरेत तपासले आणि निदान केले: "उपाशी हाय पोरगा." मग त्यांच्या तोंडी तिने पेज घातली. ज्यांना उभे राहता येत होते, त्यांना कामे लावली. "ए दाढी, लाकडं आन. तू गो, चष्मेवाली, कांदा चीर." या आज्ञा मराठीत असूनही दाढी लाकडे आणत होती आणि चष्मेवाली कांदा चिरत होती. रंगमंचावर एक वादक वीस मिनिटे गिटार वाजवत होता. मावशीने मान वर करून विचारले, "कवा सुरू करनार? कवापासून नुसती तपासतोय."

दुपारी तिने गाठोड्यातून सुके बोंबील काढून निखाऱ्यांवर भाजायला टाकले. भोवतालची जागा साठ फूट त्रिज्येच्या वर्तुळात मोकळी झाली. हेलनने रसायनशास्त्रज्ञाला शोभेल असे नाक वर केले आणि "अमाइन्स," असे मासळीच्या वासाचे शास्त्रीय नाव तेवढे उद्गारली. मी मान खाली घातली. पाच मिनिटांनी तेच वर्तुळ पुन्हा भरले, कारण बोंबलांवर बाटलीतला मसाला पडला होता आणि आता लोक रांग लावत होते.

त्या रांगेकडे पाहत हेलनने मला विचारले, "या बाई विलक्षण आहेत. तुझ्या कोण?"

मावशी दोन हातांवर, चुलीशी होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

मी म्हणाले, "पूर्वी आमच्या घरी स्वयंपाक करत असत."

हे वाक्य मी नंतर अनेकदा तपासले आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. आई कारखान्यात कामाला जाई, त्यामुळे मी बारा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरी स्वयंपाक मावशीच करत असे. सर्व शब्द खरे ठेवून संपूर्ण असत्य बोलता येते, हे मला ठाऊक होते. फक्त ते इतक्या सफाईने आणि तयारीवाचून साधेल, याची कल्पना नव्हती.

"असं होय," हेलन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी एक नवे कुतूहल दिसले. ज्यांच्या घरी स्वयंपाकीण असते, अशा घरातली मुलगी! आमच्या घरी एक खोली आणि एक पडवी होती. मी दुरुस्ती केली नाही.

थोड्या वेळाने मावशी ताट घेऊन आली. तिने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले आणि इंग्रजीत म्हटले, "मिस लीना, प्लीज." मला वाटले, थट्टा करते आहे. मी तिच्याकडे पाहिले. तिने पाहिले नाही. आम्ही सर्व जण चटईवर बसून जेवलो. ती उभी राहिली. सर्वांचे झाल्यावर, मागे कुंपणाशी, आमच्याकडे पाठ करून जेवली. रविवारी सकाळी माझे बूट चिखल पुसून तंबूच्या दाराशी जोडून ठेवलेले होते.

मी पाणी आणायला निघाले, तेव्हा सुहास मागून आला.

"काय गं, स्वयंपाकाला होती म्हणालीस ना? आरसा बघतेस का कधी? तेच नाक, तीच हनुवटी. हेलनच्या लक्षात आलं तर वाट लागेल तुझी."

"तू सांगणार आहेस का तिला?"

"मी कशाला सांगू? आणि सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? मी काल त्यांनाच विचारलं, मावशी, तुम्ही लीनाच्या कोण? सरळ मराठीत."

"मग?"

"म्हणाल्या, 'कोन नाय, बाबा. रांधायला होते त्यांच्याकडं.'" तो थांबला. "आणि वर म्हणाल्या, 'ती गोरी साहेबीन मोठी हाय ना, तिच्यासमोर असलं काय विचारू नको.' आता बोल."

बादली भरून वाहू लागली होती, ती उचलून मी परत आले. मावशी पीटरला दोरीची गाठ शिकवत होती. तिला बाजूला घेऊन एक शब्द बोलायला अर्धे मिनिट पुरले असते. परंतु तिथे हेलन होती; आणि मी स्वतःला समजावले, की हे लंडनला गेल्यावर निवांतपणे बोलता येईल. संध्याकाळी ती आपल्या बसने गेली. एरवी निरोप घेताना ती माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढीत असे. त्या दिवशी तिने लांबूनच मान लववली.

पुढच्या गुरुवारी हेलनने मला खोलीत बोलावले. शिफारसपत्र तिच्यासमोर टेबलावर होते.

"तुझ्या कामाविषयी मला शंका नव्हतीच," ती म्हणाली. "माणूस म्हणून तू मला जरा कोरडी वाटायचीस. रविवारी त्या बाईंबरोबर मी भांडी घासली. त्यांनी तुझ्याविषयी बरंच सांगितलं."

मी विचारले, "काय?"

"म्हणाल्या, पुष्कळ घरांत काम केलं, पण या मुलीसारखी माया कोणी लावली नाही. तू शाळेतून आलीस, की त्यांच्या शेजारी चुलीपाशी बसायचीस आणि त्यांना अक्षरं शिकवायचीस. तू नसतीस तर आपल्याला नाव लिहिता आलं नसतं, म्हणाल्या. मी तेही पत्रात घातलं आहे. चालेल ना?"

आमच्या घरात चुलीपाशी अक्षरे शिकवली गेली होती, ही गोष्ट खरी आहे. राखेत बोटाने ती काढून दाखवणारी मावशी होती आणि गिरवणारी मी होते. पाढेही तिनेच शिकवले. मासळी साफ करता करता ती पुढचा आकडा विचारी आणि मी चुकले, तर खवल्यांचा ओला हात माझ्या गालाला लावी. ही हकिगत तिने जशीच्या तशी हेलनला सांगितली होती. फक्त माणसांची अदलाबदल केली होती.

हेलन लेखणी हातात धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. पत्र त्याच दिवशीच्या टपालाने जाणार होते.

मी म्हणाले, "चालेल. आभारी आहे."

जागा मला मिळाली. नेमणुकीचे पत्र आले, त्या रविवारी मी मावशीकडे गेले. इस्पितळाच्या चाकरवर्गासाठी असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. काय बोलायचे, ते मी जिना चढताना क्रमवार ठरवले होते: आधी क्षमा, मग कारण, मग पुन्हा क्षमा. मी दार वाजवले.

तिने दार उघडले. मला पाहून तिचा चेहरा उजळला. पण ओठ उघडले नाहीत. माझ्या खांद्यावरून तिने जिन्याकडे नजर टाकली. एक पाऊल बाहेर येऊन कठड्यावरून खालीही वाकून पाहिले. जिना रिकामा होता.

मग ती म्हणाली, "ये गो, लीनू."