शांत उंदरांचा बंदोबस्त

प्राणी संशोधन संस्थेत शांत उंदीर शिल्लक नाहीत, ही बाब सोमवारी सकाळी अधिकृतपणे उघडकीस आली.

तिथल्या एका संशोधिकेची डॉक्टरेटची पदवी याच उंदरांवर टांगलेली होती. विषय सरळ होता. मेंदूने धोक्याची खूण केली की अंगात तणावाचं संप्रेरक सुटतं. ताण घटकाभराचा असेल तर भूक मरते, मुक्कामाला आला की तोंड सारखं चालतं. हे दाखवायला तिने दोन गट केले होते. ‘त्रस्त’ उंदरांना रोज सकाळी अर्धा तास अरुंद नळीत बसवायचं, ‘शांत’ उंदरांना काहीच करायचं नाही. रक्त तपासलं तर त्रस्त मंडळी मजेत आणि शांत गटाचं संप्रेरक गगनाला भिडलेलं. शांत उंदीर दिवसभर खात होते आणि दाराकडे बघत होते.

कारण उघड होतं. शांत उंदीर हे संस्थेचं भूषण, त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा ते बघायला यायचा आणि काचेवर टिचकी मारून ‘झोपलाय का हो?’ असं विचारायचा. त्रस्त उंदरांकडे कोण फिरकणार? नळीतून सुटले की पिंजऱ्यात त्यांचंच राज्य.

तिने संचालकांकडे शांत उंदरांच्या दारासाठी एका कुलपाची मागणी केली.

“ताई, शांतता अशी आपोआप होत नसते,” संचालक म्हणाले. “ती राबवावी लागते.”

शांतता समिती नेमली गेली. समितीने दारात पहारेकरी बसवला. तो काठी आपटून लोकांना गप्प करी. शांततेची वेळ सुरू झाली हे सर्वांना कळावं म्हणून घंटा बसवली. शांत उंदीर खरोखर शांत आहेत की नाही, हे बघायला समिती स्वतः रोज येऊ लागली. एका उंदराने अध्यक्षांच्या बोटाचा चावा घेतला, तेव्हा त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. तिचं उत्तर संशोधिकेने दिलं, आणि माफीही तिनेच मागितली.

आता मात्र ती घाबरली. मुदत संपत आली होती आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाताना दिसत होती. टेबलाच्या खणात बिस्किटांचे पुडे वाढले. आईचा फोन आला. आईच्या मागे दाराची घंटा, टीव्ही आणि बाबांच्या हाका चालू होत्या.

“जेवलीस का गं?”

“सकाळपासून तेच करतेय, आई.”

अखेरच्या बैठकीत संचालकांनी निष्कर्ष काढला: नळीत बसवलेले उंदीर शांत, न बसवलेले अशांत, अर्थात नळीमुळे शांतता येते. हा गुण नळीचा नाही, नंतर आपण तिकडे फिरकत नाही त्याचा आहे, हे सांगायला संशोधिकेने तोंड उघडलं. तोंडात बिस्किट होतं. खरं बोललीस तर पदवी गेली, हे तिच्या मेंदूने तिला तत्काळ कळवलं. तिने आवंढा गिळला, बिस्किटासकट.

पदवी मिळाली. महिन्याभरात कर्मचाऱ्यांसाठी माणसाच्या मापाच्या नळ्या आल्या. सुरुवातीला लोक कुरकुरले. मग लक्षात आलं की नळीत फोन नेता येत नाही आणि आत असलेल्याला खुद्द संचालकही हाक मारू शकत नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून नळीसाठी वशिले लागू लागले. संचालक स्वतः दिवसातून दोनदा आत बसतात आणि वेळ संपली तरी बाहेर येत नाहीत.

नव्या डॉक्टरबाईंना, म्हणजे आपल्या संशोधिकेला, पहिल्याच दिवशी आत झोप लागली. बाहेर आल्या तेव्हा त्यांना भूक लागली होती, खरीखुरी, पोटातली. त्यांनी ही बातमी आईला फोनवर सांगितली.

आई फोन घेऊन टीव्हीपासून लांब गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिथे बाहेरच्यांना घेतात का गं?”

घेतात. फक्त रांग मोठी आहे. तुमचा नंबर लागेपर्यंत, वाचता वाचता जवळ ओढलेला तो खाऊचा डबा तेवढा बंद करून ठेवा.