कुसळांची साक्ष

घड्याळकाकांच्या गवतावर त्या रविवारी फरशी पडणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

इमारतीमागच्या रिकाम्या तुकड्यात दोन वर्षांपूर्वी काकांनी इथलंच रानगवत लावलं होतं. पाणी नको, खत नको, कापणी नको; लावा आणि विसरा. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून मान आखडलेल्या माणसाला अशीच बाग हवी होती, जिला त्याची काडीचीही गरज नाही. गवत खांद्याला लागलं, तुरे रुपेरी झाले, पाखरं आली. आणि आता सेक्रेटरींना तिथे गाड्या लावायच्या होत्या.

सभा सेक्रेटरींच्या घरी. बूट-चपला दाराबाहेर, मंडळी सतरंजीवर.

"दोन वर्षांत तिथे माणूस सोडा, मांजर फिरकलेलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "गेलंय का कोणी? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई तर "विंचू असतील बाई!" म्हणून शहारल्या. खुद्द काकूही छताकडे बघत बसल्या.

काकांनी मान खाली घातली, तो समोर सेक्रेटरींचा मोजा. नजर पडली घड्याळजीची! मोज्यात तपकिरी, टोकदार, शेपटीवालं काहीतरी रुतलं होतं. काकांनी खिशातला चिमटा काढला आणि ते अलगद उपटलं.

"आई गं! काय चाललंय?"

"कुसळ," काका ते उजेडात धरून म्हणाले. "आपल्याच गवताचं. अजून अकरा आहेत."

"ते... मी मोजमाप घ्यायला गेलो होतो."

"रोज?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने विचारलं. "मोजे मी धुते, म्हणून विचारते."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "मुनियाचं घरटं आहे तिथे," ते पुटपुटले. "पाच पिल्लं. धाकटं जरा अशक्तच आहे हो."

मग चिमटा सतरंजीभर फिरला. डॉक्टरीणबाईंच्या मोज्यांत नऊ कुसळं. "मग चॉकलेट काय पेशंटसमोर खाऊ?" त्या रडकुंडीला आल्या. काकूंच्या शालीला तर झुबकाच निघाला.

"तूही?"

"घरात चाळीस घड्याळं टिकटिकतात. डोकं शांत करायला कुठे जाऊ?"

गवत ठेवायचं, हे एकमताने ठरलं. पहिला हात सेक्रेटरींचाच. काकांची छाती फुगली, पण तेवढ्यात सेक्रेटरींनी चिमटा मागून घेतला आणि काकांचे पाय उलटसुलट तपासले.

"काका, तुमच्याकडे एकही कुसळ नाही!"

सगळे बघायला लागले.

"लावल्यापासून पाऊल टाकलं नाहीत?"

"मी खिडकीतून बघतो ना," काका म्हणाले. "त्याला देखभाल लागत नाही!"

"काय माणूस आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मघाचे विंचू त्या साफ विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका लाजेकाजेस्तव चहाचा कप घेऊन गवतात शिरले. तुरे गालाला लागले, वाऱ्याची सळसळ झाली. बरं वाटलं. काकांनी गुडघे वाकवले.

"अहो, इथे मी बसलेय!" गवतातून डॉक्टरीणबाई. तोंडात काहीतरी होतं.

काका डावीकडे सरकले.

"शुक्! पिल्लं झोपलीत," सेक्रेटरी.

उजवीकडे काकू डोळे मिटून पाय पसरून बसल्या होत्या.

"अगं, जरा सरक ना."

"जागा कुठंय?" काकूंनी एक डोळा उघडला. "दोन वर्षं मोकळीच होती, तेव्हा आला नाहीत. आता बसायचं तर पलीकडे आणखी थोडं गवत लावा."

काका उभ्याउभ्याच चहा प्यायले आणि कुदळ शोधायला निघाले.