सोमवारी लांब, मंगळवारी आखूड

एका रविवारी सकाळी, दुसरा चहा पिता पिता, जगदीशने मोटारसायकलचं हँडल जरा वर घ्यायचं ठरवलं. यात त्याचं काही चुकलं असं कोणीही म्हणणार नाही. (संध्या म्हणते. पण ती त्याची बायको आहे, तिचं धरायचं नाही.)

गाडी मुळात त्याची नव्हतीच. मुलाने, ऋतिकने, कॉलेजात असताना हट्टाने घेतलेली. पुढे वाकून, पोट टाकीवर टेकवून चालवायची, तसली. ऋतिकला पुण्यात नोकरी लागली, तिथे त्याने नवी गाडी घेतली आणि ही दहिवलीच्या घरी बापाकडे आली. बापाची चप्पल मुलाच्या पायाला आली की त्याला मित्र समजावं, असं म्हणतात. मुलाची गाडी बापाच्या बुडाखाली आली की काय समजावं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही.

जगदीश लोधिवलीच्या बाजूला एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून होता. कंपनीची बस सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची, त्यामुळे गाडी दिवसभर पडवीतच. संध्याकाळी दूध आणि भाजी आणायला ती बाहेर निघायची आणि एक रविवार आड कळंबला जायची. कळंबला संध्याची म्हातारी आई एकटी राहायची. तिकडे जाऊन आलं की जगदीशची कंबर दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

"मागून बघितलं ना तुमाला," संध्या म्हणाली, "तर वाटतं रस्त्यात कायतरी हरवलंय आन् ते शोधत चाललेत."

म्हणून हँडल. जगदीशने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला पोरगा हसत हसत सांगत होता, बोल्ट थोडे ढिले करा, हँडल आपल्याकडे फिरवा, बसून बघा, पुन्हा आवळा. जगदीशने अगदी तसंच केलं. फक्त 'थोडे' हा शब्द त्याला ऐकू आला नाही. चारही बोल्ट निघून हातात आले, हँडल धपकन टाकीवर आपटलं आणि उजवा आरसा नाकावर येऊन बसला. आरशात त्याला स्वतःचा एक डोळा दिसला. तो घाबरलेला होता.

पण दुपारपर्यंत जमलं. जगदीश गाडीवर बसला आणि त्याच्या तोंडून आपोआप 'अहाहा' निघालं. पाठ ताठ, हात सैल, मान मोकळी. कर्जत स्टेशनपर्यंत तो उगाच एक फेरी मारून आला. येताना भेटेल त्याला हात करत आला.

"संध्या, कंबर हाय का नाय तेच कळत नाय गं!"

"बरं झालं," संध्या म्हणाली. मग गाडीकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "लय अवघड असतं का वो ते फिरवायला?"

"तुला नाय जमायचं," जगदीश म्हणाला आणि नाकाला हळद लावायला आत गेला.

सोमवारी संध्याकाळी तो दूध आणायला निघाला, तर हँडल थेट पोटात आलं. दोन्ही कोपरं मागे गेली. खुराड्यात कोंबलेल्या कोंबड्यासारखा तो डेअरीपर्यंत गेला. बोल्ट ढिले राहिले असणार म्हणून परत आल्यावर हँडल नीट केलं, अंगातला सगळा जोर लावून आवळलं. मंगळवारी संध्याकाळी बसला, तर हँडल लांब गेलेलं. बोटांची टोकं कशीबशी पोचत होती.

तसाच तो पोपटच्या गॅरेजवर गेला. पोपट दहिवलीतला मेकॅनिक. त्याने बोल्टकडे बघितलं, जगदीशकडे बघितलं आणि मग बराच वेळ आभाळाकडे बघितलं.

"दादा, बोल्ट टाइट हायेत. हँडल जागचं हललेलं नाय."

"मग?"

"मग काय..." पोपट फडक्याला हात पुसत राहिला. "वय झालं का मानसाचंच कायतरी सरकतं."

हे वाक्य जगदीशच्या मनात जाऊन बसलं. त्याने हँडल पुन्हा आपल्या मापाला लावलं. बुधवार ते रविवार काही झालं नाही. पुढच्या सोमवारी हँडल पोटात, मंगळवारी लांब. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. बोल्ट घट्टच्या घट्ट. हँडल हललेलं नाही तर मग हललंय काय, या हिशेबाला उत्तर एकच निघत होतं, आणि ते जगदीशच्या दोन्ही खांद्यांना लटकत होतं.

तो चोरून शर्टाच्या बाह्या तपासायला लागला. एकदा तर त्याने दोन्ही हात पसरून दाराच्या चौकटीला लावले आणि संध्याला हाक मारली.

"बोटं कुठपर्यंत येतात तिथं पेन्सिलनं खूण कर."

"कशाला?"

"कर गं. इचारू नको."

संध्याने खूण केली. पेन्सिल तिच्या हातून दोनदा पडली. जगदीशला वाटलं, बिचारीला काळजी वाटतेय. दुसऱ्या दिवशी बोटं बरोबर खुणेपर्यंतच पोचली, पण त्याने त्याचं समाधान झालं नाही. घर जुनं आहे, चौकटही आखडली असेल.

त्या दिवसापासून संध्या त्याला नाचणीची भाकरी, डिंकाचे लाडू आणि वाटीभर तूप द्यायला लागली. असं अपराधी चेहऱ्याने वाढलेलं तूप जगदीशने आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवता जेवता तो थांबला.

"संध्या, माझं हे असंच वाढत गेलं, तर गाडी चालवायची बंद होईल."

"काय होत नाय. जेवा."

"तसं माझं काय नाय गं. बस हाय, रिक्षा हाय." त्याने भाकरीचा तुकडा नुसताच मोडला. "पण तुला कळंबला कोण नेणार? आई वाट बघत बसतील ना."

संध्या ताटावरून उठली आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली. एकदा ती दारापर्यंत आलीही. काहीतरी बोलणार होती. पण जगदीश तेव्हा चौकटीला हात लावून उभा होता, ते बघून परत गेली.

शेवटी एका मंगळवारी त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि कर्जतला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना दुपारी जेवायला जायचं होतं.

"काय होतंय?"

"हात कमी-जास्त होतायत."

"कशात?"

"लांबीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे लांब होतात की आखूड?"

"सोमवारी लांब होतात. मंगळवारी आखूड."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस बरोबर असतात."

"मग सरासरी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. तरी माणूस भला. त्यांनी टेप घेऊन दोन्ही हात मोजले, वर-खाली करून बघितले. "हातांना काही झालेलं नाही. असं करा, ती गाडीच घेऊन या. तुम्ही बसा, मी बघतो."

जगदीश रिक्षाने घरी आला. पडवीत गाडी नव्हती. घराला कडी. संध्याही नव्हती.

शेजारी कोंडाजी अंगणात दोरखंड वळत बसला होता. जगदीश धावतच तिकडे गेला.

"कोंडाजी, गाडी चोरीला गेली रं!"

"नाय नाय, चोरीला कशी जाईल? आत्ता तर गेली." कोंडाजीने एकदम जीभ चावली. "म्हंजी, मी काय बघितलं नाय."

"कोणी नेली?"

"मी सांगनार नाय. मला वैनीनं शप्पथ घातलीय."

"कुठल्या वैनीनं?"

"आता किती वैनी हायेत मला!" कोंडाजी वैतागला. "तिकडं भाताच्या शेतात जा आन् सोता बघ. पन मी सांगितलं नाय हां!"

कापणी होऊन कधीच रिकामी पडलेली शेतं घरामागे लांबवर पसरली होती. बांध ओलांडून जगदीश पुढे गेला आणि जागीच थांबला.

समोर त्याची गाडी गुरगुरत चालली होती. तिच्यावर संध्या होती. पंजाबी ड्रेसवर जगदीशचाच फुल बाह्यांचा शर्ट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली आणि ओढणीत खोचलेला पाना. मागून हर्षला पळत होती. हर्षला पलीकडच्या आळीतली, कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला. शनिवार-रविवार तिथे मरणाची गर्दी असते, म्हणून तिला सुट्टी मिळते सोमवारी आणि मंगळवारी.

"वैनी, दुसरा टाका! क्लच धरा आन् दुसरा टाका!"

संध्याने दुसरा टाकला. गाडी अलगद पळायला लागली. संध्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की जगदीश गाडी विसरला, डॉक्टर विसरला. लग्न ठरलं तेव्हा बघितलं होतं ते हसू, त्यानंतर आत्ताच.

तेवढ्यात संध्याने त्याला बघितलं. 'अगं बाई' म्हणत तिने दोन्ही हात तोंडावर नेले. (गाडी चालवताना हे करायचं नसतं.) हर्षला ओरडली, जगदीश ओरडला, आणि गाडी संध्यासकट पेंढ्याच्या गंजीत शिरली. बाहेर फक्त मागचा लाल दिवा आणि एक चप्पल उरली.

जगदीश आयुष्यात एवढा जोरात पळाला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी पेंढा उपसला. आत संध्या गाडीला कवटाळून बसली होती, केसांत काड्या.

"लागलं का? कुठं लागलं? बोल गं!"

"नाय लागलं." तिचा आवाज रडवेला होता. "रागवू नका. मी दर वेळी हँडल परत फिरवून ठेवत होते वो. माझे हात पुरत नायत म्हनून जवळ घ्यायचं, आन् तुमी यायच्या आत लांब करायचं. पन तुमी नेमकं कुठं ठेवलं होतं ते ध्यानातच राहायचं नाय. सोमवारी कमी फिरायचं, मग मंगळवारी मी जास्त फिरवायचे."

जगदीशने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले.

"म्हणजे माझे हात..."

"तुमचे हात काय बी झालेले नायत!"

"बरोबर हायेत?"

"अवो, बरोबर हायेत!"

जगदीश पेंढ्यात मटकन बसला आणि हसायला लागला. इतका हसला की हर्षलाने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. हसून झाल्यावर त्याला आठवलं की आपण रागवायला हवं.

"आन् पोपट? पोपट म्हणाला, हँडल जागचं हललं नाय."

"पोपटभावजींनीच तर पाना दिला," संध्या खाली मान घालून म्हणाली. "कुठले बोल्ट फिरवायचे ते दाखवलं."

"आणखी कोणाला ठाऊक हाय?"

हर्षलाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपून ती दुसऱ्या हातावर गेली, तेव्हा जगदीश म्हणाला, "राहू दे."

"पण मला का नाय सांगितलंस? मी शिकवलं नसतं?"

"तुमी म्हनाला असतात, तुला नाय जमायचं."

तो हे म्हणालाच होता.

संध्याने केसांतली एक काडी काढली. "कळंबवरनं आलात का तुमी चप्पल काढताना भिंत धरता. तुमाला वाटतं, मी बघत नाय. आन् दुसऱ्या रविवारी परत म्हनता, चल, आईकडं जाऊ. एकदा बी नको म्हनाला नायत." तिने नाक पुसलं. "म्हटलं आपन शिकावं. मग जाताना मी चालवीन, येताना तुमी चालवा. अर्धी कंबर तरी वाचेल."

जगदीशने तिच्या कमरेचा पाना काढून घेतला, गाडी गंजीतून ओढून बाहेर काढली आणि बोल्ट ढिले केले. थोडेच, या वेळी.

"बस," तो म्हणाला. "हात कुठपर्यंत येतात बघू."

संध्या बसली. तिचे हात सैल होईपर्यंत त्याने हँडल जवळ घेतलं, दोनदा तिला उतरवून पुन्हा बसवलं आणि मग आवळलं.

"आन् तुमाला?"

"माझे हात लांब हायेत," जगदीश म्हणाला. "मी करीन अॅडजस्ट."

पुढे महिनाभर तो स्वतः सकाळी तिच्यासोबत शेतात जात होता. लायसन्स आलं आणि त्यानंतरच्या रविवारी दोघं कळंबला निघाले. संध्या पुढे, जगदीश मागे. मागे बसून हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. मांडीवर ठेवले तर देवळात बसल्यासारखं वाटे, मागची कडी धरली तर अटक झाल्यासारखं. शेवटी त्याने बायकोच्या खांद्यावर एक हात ठेवला, तेव्हा कुठे बरं वाटलं. संध्याने सावकाश, एका लयीत गाडी नेली. खड्डा आला की आधीच सांगायची, "सांभाळा हां." कमरेने हूं की चूं केलं नाही.

सुंदराआई ओटीवर वाट बघत बसल्या होत्या. लेकीने अंगणात गाडी उभी करून स्टँड लावला, ते त्यांनी डोळे भरून बघितलं आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जगदीश पाणी प्यायला आत गेला. त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली. एवढ्या वर्षांत तो कधीही येवो, भर दुपारी का होईना, तिथे समई तेवत असायची. जावई येणार म्हणून सासूबाई दिवा लावतात, हे त्याने कंपनीत कितीतरी जणांना अभिमानाने सांगितलं होतं. आज समई कोरडी होती.

"आई," तो बाहेर येऊन म्हणाला, "आज समई नाय लावली?"

म्हातारीने त्याला जवळ बसवून घेतलं आणि त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"आज कशाला, बाबा?" ती म्हणाली. "आज संध्या चालवत येनार व्हती ना."