दोन डाव्या हातांचा योद्धा

कृती कर्त्यापासून दुरावणे ही जगातील फार जुनी हानी आहे, आणि ती भरून काढण्यासाठी जो झटतो तो पुण्याचा वाटेकरी होतो, याविषयी दुमत नसावे. परंतु श्रेय ही वस्तू अशी आहे, की ती ज्याची त्याच्याच हाती पोचवावी लागते. घाईघाईने शेजारच्या दारात ठेवून परतणाऱ्याला दान केल्याचे समाधान लाभते. खऱ्या धन्याच्या पदरी मात्र दुसऱ्यांदा उपेक्षा येते. भिंगकाकांनी नेमके हेच केले, आणि तेही अत्यंत निर्मळ अंतःकरणाने केले.

भिंगकाका हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलाशिक्षक. सदऱ्याच्या खिशात अहोरात्र भिंग बाळगीत, म्हणून त्यांना हे नाव पडले. निवृत्तीनंतर कोणी बागेत रमतो, कोणी व्याधींत रमतो. काका रमले ते जुन्या व्हिडिओ गेमच्या खोक्यांत. खेळाशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्या काळी पडद्यावर चार चौकोन उड्या मारीत आणि एक ठिपका त्यांना गिळू पाही, एवढाच काय तो खेळ. खोक्यावर मात्र प्रलय मांडलेला असे. कड्याच्या टोकावर योद्धा उभा, मागे वीज, पुढे आग ओकणारा अजस्र ड्रॅगन, आणि योद्ध्याचा झगा असा फडफडतो आहे की पाहणाऱ्याने खिडकी लावून घ्यावी. ज्याने त्या चार चौकोनांना असे वैभव दिले, त्याचे नाव मात्र खोक्यावर कोठेही नसे. कंपन्या चित्रकाराला सही करू देत नसत. चोरून केलीच, तर छापण्यापूर्वी तिच्यावर एखादा दगड रंगवला जाई.

“माणसाची सही पुसता येते,” काका म्हणत, “सवय पुसता येत नाही. मला खोके दाखवा, मी माणूस दाखवतो.”

हा दावा त्यांनी पूर्वी एकदा सिद्धही करून पाहिला होता. धावत्या मोटारीचे एक चित्र कोण्या दिवंगत चित्रकाराचे आहे, असे त्यांनी भर सभेत सप्रमाण मांडले. आणि पुढच्याच आठवड्यात ते दिवंगत चित्रकार स्वतः येऊन, एक कप चहा पिऊन, चित्र आपले नसल्याचे व आपण दिवंगतही नसल्याचे सांगून गेले.

त्यामुळे काकांची पुतणी, जी शहराच्या ग्रंथालयात मुख्य ग्रंथपाल होती, ती सावध होती. बंद पडलेल्या एका खेळण्यांच्या दुकानाने ग्रंथालयाला जुनी खोकी भेट दिली होती. त्यांत योद्ध्याची एक संपूर्ण मालिका होती, उघडच एका हाताची. तिने प्रदर्शन योजले, आणि चित्रकाराचे नाव दर्शनी भिंतीवर कायमचे रंगवावे असे ठरवले. नाव शोधण्याचे काम तिने काकांकडे सोपवले खरे, पण एका अटीवर.

“काका, या वेळी माणूस जिवंत हवा,” ती म्हणाली. “आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, की हे माझं आहे. कुणीतरी म्हातारं माणूस इतकी वर्षं वाट बघत बसलं असेल. भिंतीवर चुकीचं नाव चढलं ना, तर त्याला आता कोणी विचारायलाही जाणार नाही.”

काकांना हे मनापासून पटले. ते भिंग घेऊन योद्ध्यापुढे बसले, आणि एके दुपारी त्यांना साक्षात्कार झाला. योद्ध्याचे दोन्ही हात डावे होते!

ढाल धरणारा हात डावा, हे ठीकच. पण तलवार धरणाऱ्या उजव्या बाहूच्या टोकालाही डावाच पंजा होता; अंगठा भलत्या बाजूला. इतकी वर्षे हे कोणाला दिसले नाही, कारण समोर ड्रॅगन असताना अंगठ्याकडे पाहतो कोण? आणि दोन्ही पंजांची करंगळी वरच्या पेरातून बाहेर वळलेली. एका चित्रात नव्हे, सगळ्या चित्रांत.

काकांच्या तर्काला पंख फुटले. मुदत जवळ असली की चित्रकार नमुना शोधत हिंडत नाही. उजव्या हातात कुंचला धरतो, आणि डोळ्यांपुढचा स्वतःचा डावा हात पाहून काढतो. म्हणजे चित्रकार उजव्या हाताचा, आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी. आता अशी करंगळी शोधायची, एवढेच उरले.

त्या दिवसापासून भिंगकाका भेटेल त्या वयस्क गृहस्थाशी डाव्या हाताने हस्तांदोलन करू लागले. बँकेच्या रांगेत केले, बागेत केले, लिफ्टमध्ये केले. एका परिचिताच्या घरी सांत्वनाला गेले असता त्यांनी यजमानांचा डावा हात हाती घेतला, आणि दुःखाचा भर ओसरण्याची वाट न पाहता खिशातून भिंग काढले. त्या रात्री काकूंनी भिंग कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.

पुढचे कार्य दाढेने केले. काकांची खालची एक दाढ कित्येक वर्षे किडलेली होती. काकूंनी विनवून पाहिले, रागावून पाहिले, अबोला धरून पाहिला. काका दंतवैद्याच्या पायरीला शिवले नव्हते. ग्रंथालयाच्या मागील गल्लीतला दवाखाना चुकवण्यासाठी ते मोठा वळसा घेत. पण या वेळी गाल असा सुजला, की काकूंनी त्यांना हाताला धरून नेले आणि खुर्चीत बसवूनच सोडले.

दंतवैद्य साठी ओलांडलेले, मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी सुई टोचली, गालात कापसाचा बोळा भरला, आणि डाव्या हातात छोटा आरसा धरून तो तोंडात घातला. काकांनी भीतीने डोळे मिटले होते. ते किंचित उघडले, तो नाकासमोर ती करंगळी! हातमोज्यातही तिचे वळण लपत नव्हते.

काका खुर्चीतून अर्धे उठले. “आँ, आँ!” एवढेच शब्द बोळ्यातून बाहेर पडले. दंतवैद्यांना वाटले, दुखते आहे. त्यांनी आणखी एक सुई दिली. काकांनी त्यांचे मनगट पकडले. त्यांना वाटले, फारच दुखते आहे. घटकाभरात काकांचा अर्धा चेहरा परक्याचा झाला, आणि त्यांनी अंगठ्याने हवेत चित्र रंगवण्याचा अभिनय केला, तेव्हा दंतवैद्यांनी बाहेर जाऊन काकूंना विचारले, की यांना पूर्वी कधी असे झाले होते काय.

“रोजच होतं,” काकू म्हणाल्या.

दाढ वाचण्यासारखी होती, पण दोन-तीन खेपा लागणार होत्या. काका, जे एका खेपेला तयार नव्हते, ते आता रोज जाऊ लागले. वेळ ठरलेली नसली तरी जात. दुसऱ्या दाढा दाखवीत, हिरड्या दाखवीत. दंतवैद्यांनी हातमोजे उतरवले की टक लावून पाहत. अखेरीस एकदा त्यांनी पुतणीकडून आणलेले एक खोके पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

दंतवैद्यांचा चेहरा उजळला. “अरे, हे कुठे मिळालं तुम्हाला? मी तर समजत होतो की ही सगळी...”

“सगळं कळलंय मला,” काका म्हणाले. “या करंगळीने सांगितलं.”

“करंगळी माझीच, प्रश्न नाही. लहानपणी दारात सापडली होती. पण मी काही चित्रकार नव्हे हो. याबद्दल तुम्ही ताईला...”

“विनय,” काका गहिवरून म्हणाले, “हा थोरांचा अलंकारच आहे.”

“विनय नाही. ताईला विचारा. ती पुढल्या रविवारी माझ्याकडे येते आहे.”

येथे विवेकी मनुष्याने थांबून एक प्रश्न विचारला असता. परंतु काकांनाही एक थोरली बहीण होती. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांनी तिला विचारल्यावाचून सायकलसुद्धा घेतली नव्हती. साठीतल्या भावाला सत्कारासाठी ताईची अनुज्ञा लागते, यात त्यांना काहीच नवल वाटले नाही. उलट डोळे पाणावले. ते म्हणाले, की रविवारीच ग्रंथालयात समारंभ आहे, योग्य त्या व्यक्तीचा सन्मान होणार आहे, तेव्हा ताईंना अवश्य घेऊन या.

दंतवैद्यांनी खोके आपल्याकडे ओढून घेतले. मग हळूच म्हणाले, “ती कुठे जात नाही हल्ली. पण यासाठी येईल. फार आनंद होईल तिला.”

पुतणीने विचारले, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले का? काकांनी उत्तर दिले, की करंगळी कबूल झाली आहे, उरलेले ताईंच्या परवानगीवर अडले आहे. तिच्या कपाळावर आठी पडली. पण रंगारी ठरलेला होता, आणि काकांच्या डोळ्यांत मुलासारखा आनंद होता. भिंतीवर दंतवैद्यांचे नाव चढले आणि वर पडदा ओढला गेला.

रविवारी दालन भरले. दंतवैद्य आपल्या ताईंना घेऊन आले. सत्तरीच्या, ठेंगण्या, पाठीत किंचित वाकलेल्या. ठेवणीतली साडी नेसून, केस नीट विंचरून आलेल्या. आत येताच त्या खोक्यांपाशी गेल्या आणि काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना आदराने पहिल्या रांगेत बसवले, आणि भावाच्या उत्कर्षाबद्दल अभिनंदन केले. ताई जरा गोंधळून हसल्या.

मग काका बोलले. अनामिक कलावंतांच्या दुःखाविषयी बोलले, दोन डाव्या हातांविषयी बोलले. उजव्या हाती कुंचला आणि समोर डावा हात, हे त्यांनी शेजारच्या फळ्यावर खडूने काढून, अभिनयासह दाखवले. सभा थक्क झाली. “आणि ती करंगळी आज आपल्यात आहे,” असे म्हणून त्यांनी पडदा बाजूला ओढला.

टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेपासून थांबत गेल्या. दंतवैद्य भिंतीवरच्या स्वतःच्या नावाकडे पाहत उभे राहिले होते. एखाद्या रुग्णाने त्यांचीच दाढ उपटावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेजारी ताई ते नाव वाचत होत्या. सावकाश, एकेक अक्षर. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून छातीशी धरली, निघायच्या बेतात माणूस धरतो तशी.

“ताई,” दंतवैद्य कळवळून म्हणाले, “मी यांना सांगत होतो. पुन्हा पुन्हा सांगत होतो. माझ्यापुढे तोंड उघडून बसलेला माणूस कधी बोलत नाही गं. हे बोळा घालूनही बोलत होते!”

काकांनी हातातला पडदा सोडून दिला. पुतणीकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्यांनी क्षीण स्वरात विचारले, “पण मग डावा हात?”

ताई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. काय दिसले कोण जाणे; बहुधा एक सुजलेला गाल आणि त्याच्यावरचे दोन घाबरलेले डोळे. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, फळ्यापाशी गेल्या आणि डाव्या हाताने खडू उचलला.

“मी डावखुरी आहे, मास्तर,” त्या म्हणाल्या. “माझा हात बघून काढला असता, तर योद्ध्याला दोन उजवे आले असते.”

सभेत हसू फुटले. ताईंनी बोलता बोलता हात चालू ठेवला. त्या सांगू लागल्या, की माझा हात इवलासा, त्यात तलवार म्हणजे लाटणे वाटायची. हा शेजारी बसून दंतवैद्यकीचा अभ्यास करायचा. उजव्या हाताने लिहायचा, डावा टेबलावर रिकामा पडलेला. उजवा मागितला, तर म्हणायचा, नापास झालो तर तू जबाबदार. मग दोन्ही डावेच काढले. कंपनीत कोणाच्या लक्षात आले नाही, त्यांना ड्रॅगन मोठा हवा होता.

तोवर फळ्यावर मूठ उभी राहिली होती आणि तिच्या कडेला ती करंगळी, अचूक वळलेली.

“ही तरी सरळ काढायचीस,” दंतवैद्य पुटपुटले.

“सरळ काढली असती तर रुसला असतास.”

पुतणी पुढे आली. तिने ताईंचे दोन्ही हात हातात घेऊन विचारले, “ही चित्रं तुमची आहेत, असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगाल?”

ताईंनी एकदा खोक्यांकडे पाहिले. “माझी आहेत,” त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज कानी पडल्यासारख्या थांबून, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाल्या, “माझीच आहेत.”

मग कोणीतरी विचारले, की ड्रॅगनसाठी नमुना कोण होता? ताई लाजल्या. सही करू न देणारे कंपनीचे साहेब, त्या म्हणाल्या. भुवया तर हुबेहूब. ते दर वेळी चित्र पाहून सांगत, जनावर अजून उग्र करा, आणि मी करीत गेले.

रंगारी त्या दिवशी मिळेना. तेव्हा भिंगकाका स्वतः स्टुलावर चढले, दंतवैद्यांचे नाव पुसले आणि ताईंचे रंगवू लागले. ताई खाली उभ्या राहून, मास्तर, दुसरे अक्षर कलते आहे, असे सौम्यपणे सुचवीत होत्या. काका ते तिसऱ्यांदा पुसत होते. त्यांचे तोंड तेवढा वेळ पूर्ण बंद होते. काकूंनी ते दृश्य डोळे भरून पाहिले, आणि कमरेची किल्ली काढून भिंग परत देण्याचे मनाशी कबूल केले.

“एवढी वर्षं सांगत होते, दाढ दाखवा,” त्या दंतवैद्यांना म्हणाल्या. “माझ्या शब्दाने हलले नाहीत. तुमच्या करंगळीने हलले.”

त्या वाकड्या करंगळीचे कल्याण असो. जिने ती कधी सरळ केली नाही, तिचे नाव त्या भिंतीवर, किंचित कलत्या अक्षरांत का होईना, चिरकाल राहो; आणि शुद्ध हेतूने घाई करणाऱ्यांना, बोलण्यापूर्वी गालात एक कापसाचा बोळा लाभो.