जर्मनी पाच तासांवर

आदिनाथाला मीठ आणायला धाडावं, तर भाजी शिजून, जेवणं उरकून, भांडी पालथी पडल्यावर हा पठ्ठ्या पुडी हलवत येणार! वाटेत रेंगाळायची त्याची ही जन्माची खोड सगुणाबाईंनी अख्ख्या चाकणला ऐकवली होती. पोरगा इंजिनिअर झाला, कंपनीनं महिनाभर जर्मनीला धाडला, तरी आईचं मत जागचं हललं नाही.

जर्मनी किती लांब, हेही त्यांनीच काढलं होतं. शाळा दुसरीतच सुटली, पण हिशेबात त्यांना धरायची कुणाची छाती!

"मुंबईतनं पहाटे तीनला उडाला, आठला तिकडं उतरला. पाच तास! कंपन्या सुटायच्या वक्ताला भोसरीला जाऊन येणं होत न्हाई एवढ्यात!"

परतीचं विमान तिथून सकाळी सहाला होतं.

"आई, पण तिकडचं घड्याळ..." आदिनाथ फोनवर सांगू लागला.

"मला घड्याळ शिकवतो व्हय!" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सहा अन् पाच अकरा. चाकणचा चौक तुंबला तरी तीनला घरात! लगेच चिखलीच्या सावळारामांना निरोप गेला: रश्मीला घेऊन चारला या, घर बघा, मुलगाही बघा. अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नव्हती. आदिनाथाला मात्र यातलं काही कळवलं नाही. कळवलं असतं तर आणखी रेंगाळला असता!

पाहुणे चारच्या ठोक्याला हजर. पाच वाजले. पोहे गारठून वाळूसारखे झाले. आदिनाथाचा फोन बंद!

"येईल हो," सगुणाबाई म्हणाल्या. "उतरला असंल वाटेत कुठंतरी."

"विमानातनं?" सावळारामांचा घास अडकला.

"लहानपणापासनं खोडच हाय त्याला!"

सावळारामांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, नवऱ्याला कोपर मारलं. "कुणाकडं उतरतो, ते विचारा की!"

सावळारामांनी टोपी डोक्यावर चढवली. सोयरीक चपला घालायला निघाली होती!

सहाला फोन वाजला. पोरगा निर्मळ आहे हे सगळ्यांना ऐकू जावं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आई, आत्ता मुंबईत उतरलो."

"सहाला निघालास, सहाला उतरलास? इमान पाच तासांचं! बाकीचा दिवस कुणाकडं काढलास, मेल्या?"

"आई, विमानातच होतो! साडेआठ तास लागतात. तिकडं सूर्य आपल्यामागनं साडेतीन तासांनी उगवतो, म्हणून घड्याळंही तेवढी मागं."

मग रश्मीला जे हसू फुटलं, ते पदरानं आवरेना... अन् पदर तर तिला नव्हताच, ओढणी होती!

"बाबा, टोपी काढा," ती म्हणाली. "मुलगा सरळच आलाय. मावशी, पोहे गरम करू का?"

सगुणाबाईंनी फोन तोंडाशी धरला. घसा दोनदा खाकरला.

"आदिनाथा, ऐक. तू न्हाई रेंगाळत बाबा, तिकडचा सूर्यच रेंगाळतो! पण मुंबईपासनं पुढं घड्याळ आपलं हाय. आता उशीर केलास, तर तो तुझा!"