साहेबांचे उत्पादन

कंपनी मोठी होती. पाण्याचे अवजड पाइप आणि पंपांची कवचे ओतण्याचे तिचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. तोटा तितका जुना नव्हता, पण एव्हाना तोही घरचाच झाला होता. अशा कंपनीत दर वर्षी व्यवस्थापकीय संचालक बदलतात. जुन्याला निरोप द्यावा लागतो, नव्याचे स्वागत करावे लागते आणि दोन्ही प्रसंगी भाषण लागते. ते लिहिण्यासाठी जनसंपर्क विभागात एक अधिकारी नेमलेले होते. त्यांचे खरे नाव पगारपत्रकात असेल. बाकी सगळे त्यांना मसुदेराव म्हणत.

मसुदेराव आपल्या कामात वाकबगार होते, आणि हे मत मुख्यतः त्यांचेच होते. 'तोटा' हा शब्द त्यांनी वार्षिक अहवालात कधी येऊ दिला नव्हता. ते 'नफ्याची पूर्वतयारी' लिहीत. तयारी जास्तच झाली तर 'सखोल पूर्वतयारी' लिहीत. स्वागत आणि निरोप दोन्हींसाठी त्यांच्याकडे एकच मसुदा होता. स्वागताला 'नव्या उंचीवर नेतील' आणि निरोपाला 'नव्या उंचीवर नेले', एवढाच काय तो फरक. मधल्या काळात कंपनी कुठे जाते ते पाहणारा विभाग वेगळा होता. बायको कधीतरी विचारी, "कंपनी एवढी उंचावर गेली, मग आपलं छप्पर अजून गळतं कसं?" यावर मसुदेराव चष्मा पुसत बसत.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत भट्टीवर होता. वडील गेल्यावर मसुदेरावांनीच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवले होते. "इथं एकदा लागलास की जन्माची ददात मिटली," असे त्यांनी तेव्हा सांगितले होते, आणि आयुष्यात आपण हे एकच वाक्य मनापासून बोललो असे त्यांना वाटत असे. धाकट्याच्या दोन मुली शिकत होत्या. भट्टी चालू होती म्हणून त्यांचे शिक्षण चालू होते.

एके वर्षी संचालक मंडळाने कंपनीच्या आर्थिक प्रकृतीवर एक पान मागवले. हिशेबाचा कारभार पाहणाऱ्या वित्तसाहेबांनी आकडे पाठवले आणि वर निरोप दिला, "यातून काही बरं निघतंय का बघा." मसुदेरावांनी आकडे उभे वाचले, आडवे वाचले. बरे काही निघेना. शेवटी कंटाळून ते शेअरच्या भावाचा आलेख बघत बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की भाव वर्षभर उतरत असतो आणि फक्त नवा साहेब येतो त्या दिवशी टुणकन उडी मारतो. मसुदेरावांना गंमत वाटली. त्यांनी पानाच्या तळाशी लिहून टाकले: 'नवे नेतृत्व हे कंपनीचे एकमेव फायदेशीर उत्पादन असल्याचे निदर्शनास येते.' वाक्य इतके आवडले की त्यांनी ते बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कशाला नसत्या फंदात पडता? खोडून टाका." मसुदेरावांनी खोडले नाही. स्वतःचे चांगले वाक्य खोडण्याइतका मोठेपणा त्यांच्यात नव्हता.

बैठकीत कोणीही हसले नाही. अध्यक्षांनी मसुदेरावांना आत बोलावून घेतले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब. म्हणजे... आपलं सहज."

"अहो, सहज काय! इतकी वर्षं सल्लागार पोसले आम्ही, एकालाही हे दिसलं नाही. मला एक सांगा, हे उत्पादन आपण वर्षाला एकच का काढतो?"

मसुदेरावांनी मदतीसाठी वित्तसाहेबांकडे पाहिले. वित्तसाहेब कॅल्क्युलेटरवर बोटे चालवत होते. "क्षमता पडून आहे, साहेब," ते म्हणाले.

अशा रीतीने 'नेतृत्व उत्पादन विभाग' स्थापन झाला आणि मसुदेरावांना त्याचे प्रमुख करण्यात आले. त्यांना काचेची खोली आणि गोल फिरणारी खुर्ची मिळाली. पहिले दोन दिवस ते नुसतेच फिरले. सुरुवातीला दर तिमाहीस एक साहेब काढला जाई. मागणी वाढली तसा दर महिन्यास निघू लागला. प्रत्येक नवा साहेब पहिल्या दिवशी दोन गोष्टी जाहीर करी: मागचा सगळा गोंधळ मागच्या साहेबांचा आहे आणि पुढचा सगळा काळ आपला आहे. भाव चढे. मग कोणीतरी ताळेबंद उघडी, भाव उतरे, आणि साहेबांना पुष्पगुच्छ देऊन मोटारीपर्यंत सोडण्यात येई. एक साहेब बिस्किटांच्या धंद्यातले होते, एक हॉटेलांच्या. एकांनी तर पदभार स्वीकारताना विचारले, "आपण बनवतो काय?" बाजाराने हा प्रश्न मूलगामी मानला आणि त्या दिवशी भाव सर्वात जास्त वर गेला.

पुढे पुढे कच्चा माल मिळेनासा झाला. तेव्हा मसुदेरावांनी जुने साहेब पुन्हा वापरण्याची योजना सुचवली. पहिल्या खेपेचे एक गृहस्थ मिशी काढून परत आले. त्यांची ओळख 'अनुभवी पण ताजे नेतृत्व' अशी करून देण्यात आली. मिशी नसल्यामुळे मागच्या गोंधळाबद्दल ते स्वतःलाही खडसावून बोलू शकले. मसुदेरावांना स्वतःच्या डोक्याचे कौतुक वाटले, आणि ते त्यांनी घरी बोलूनही दाखवले. बायको म्हणाली, "डोकं चांगलंच आहे हो. चालतंय कुठल्या दिशेला तेवढं बघा."

हाती पैसा नसल्यामुळे कामगारांना त्या वर्षी बोनसऐवजी शेअर देण्यात आले. भट्टीवरची माणसे आधी कुरकुरली. मग जेवणाच्या सुटीत डबे बाजूला सारून मोबाइलवर भाव बघू लागली. नवा साहेब आला की भट्टीवरही टाळ्या पडत.

अडचण भट्टीचीच झाली. प्रत्येक नव्या साहेबाचे शिरस्त्राण घातलेले छायाचित्र तिथे काढावे लागे, आणि तिथे फार उकडे. एकांच्या सुटावर ठिणगी उडाली. वित्तसाहेबांनी टिपण सादर केले की भट्टीतून पाइप निघतो, पाइपातून तोटा निघतो. सभागृहातून मात्र साहेब निघतो आणि भाव वाढतो. सबब कंपनीने आपल्या मूळ व्यवसायावर लक्ष केंद्रित करावे व भट्टी कायमची बंद करावी. वार्षिक सभेत भागधारकांच्या मंजुरीसाठी तसा ठराव मांडायचे ठरले.

त्या रविवारी धाकटा घरी आला. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "दादा, भट्टी बंद करतायत म्हणे?"

"विषय आहे खरा."

"विषय काय म्हणतोस? माझी पोरं आहेत, दादा. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? तू वर बसतोस, तुझं ऐकतात. काहीतरी बोल ना."

आतून वहिनी चहा घेऊन आली. कप धाकट्याच्या हातात देत ती म्हणाली, "बोलतील. आग यांनीच लावलीय, विझवायला दुसरं कोण येणार?"

मसुदेरावांना भडभडून आले. आपल्या एका फाजील वाक्याने सख्ख्या भावाच्या पोटावर पाय आला, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसले. दुसऱ्या दिवशी ते तडक अध्यक्षांसमोर उभे राहिले.

"साहेब, भट्टी बंद करू नये असं माझं मत आहे. माझा भाऊ आहे तिथं."

"भाऊ? भट्टीवर?" अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. "आणि हे आत्ता सांगताय? अहो, घरातूनच घडलेलं नेतृत्व! ते आपण अजून बाजारात आणलेलंच नाही. ठरलं तर. सभेच्या दिवशी तुम्हीच व्यवस्थापकीय संचालक."

"पण साहेब, भट्टी..."

"ते सभेत बोला. भागधारक मालक. आपण कोण ठरवणारे?"

मसुदेराव बाहेर आले ते तरंगतच. आता साहेबही आपणच आणि सभाही आपलीच. सभेत पुढच्या रांगा बड्या गुंतवणूकदारांच्या असल्या तरी मागे भट्टीची सगळी माणसे शेअर घेऊन बसणार होती, आणि कुठलाही माणूस स्वतःच्या पोटाविरुद्ध मत देत नाही. त्यांनी धाकट्याला फोन केला. "भट्टीला कुणी हात लावणार नाही. शब्द आहे माझा." धाकट्याने फोन चालू असतानाच ही बातमी मुलींना ओरडून सांगितली.

भाषण लिहायला मात्र जड गेले. खरे लिहायची सवय नव्हती. तीनदा 'सखोल पूर्वतयारी' आली, तीनदा त्यांनी ती खोडली. पण सभेत ते उभे राहिले आणि धडधडीत बोलले. "कंपनीची प्रकृती बरी नाही. आपल्याला तोटा आहे. साहेब विकून कंपनी चालत नसते. हे खूळ माझ्याच डोक्यातून निघालं, त्याबद्दल मला लाज वाटते. पाइप ओतणं हे आपलं काम आहे. भट्टी राहिली तर काही आशा आहे, नाहीतर या इमारतीत फक्त खुर्च्या उरतील."

सभागृह चिडीचूप झाले. आपले बोलणे काळजाला भिडले असे मसुदेरावांना वाटले. वास्तविक सगळे मोबाइलमध्ये बघत होते. वित्तसाहेब कानाशी लागून कुजबुजले, "अभिनंदन! पहिला प्रामाणिक साहेब म्हणून बाजार नुसता उसळलाय. असा भाव कधी बघितला नव्हता."

ठराव मांडण्यात आला. भट्टी बंद करण्याच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत, असे सचिवांनी सांगितले. पुढच्या रांगांतले हात आधी गेले, मग मधल्या रांगांतले. मसुदेराव मागे बघत राहिले. मागे एक हात वर गेला, त्याच्या शेजारचा गेला, आणि बघता बघता शिरस्त्राणाचे चट्टे पडलेल्या कपाळांवर हातांचे रान उभे राहिले. त्यात धाकट्याचा हात होता. ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. मोजणी करणाऱ्याने व्यासपीठावरचाही एक हात मोजला, कारण साहेब झाल्याबरोबर मसुदेरावांनाही शेअर मिळाले होते आणि भाव ऐकून त्यांचा हात कधी वर गेला हे त्यांना कळलेच नव्हते.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी धाकट्याला गाठले.

"अरे, तूसुद्धा?"

"दादा, तुझ्या भाषणानं भाव केवढा चढला! ठराव झाला की अजून चढेल, असं बाजूचा म्हणाला. उद्या विकून टाकीन म्हटलं."

"आणि भट्टी?"

"बाकीचे विरोधात हात वर करतील असं वाटलं मला."

मसुदेरावांना त्याला चार शब्द सुनावायचे होते. पण त्यांनाही अगदी तेच वाटले होते, त्यामुळे बोलायला तोंड उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी मसुदेराव एका दिवसाने जुने झाले होते. भाव कोसळला. धाकटा विकायला गेला तेव्हा सगळेच विकायला उभे होते आणि घेणारा कोणी नव्हता. भट्टी त्याच आठवड्यात विझवली.

आता तुम्ही म्हणाल, काय माणसे ही, आम्ही त्या सभागृहात असतो तर हात खाली ठेवला असता. पण तुम्ही होतात. तुमची बचत ज्या फंडात आहे, त्याचा प्रतिनिधी पहिल्या रांगेत बसला होता आणि सगळ्यात पहिला हात त्याने तुमच्या वतीने वर केला. माणूस हुशार, सभा संपायच्या आतच सगळे शेअर चढ्या भावाने विकून तो मोकळा झाला. त्या महिन्याचे विवरणपत्र तुम्हाला आलेच असेल. आकडा वाढलेला पाहून तुम्हाला बरे वाटले होते.