अख्ख्या गल्लीचा चांदीचा चमचा

आमच्या गल्लीत जन्मलेलं एकही मूल गरिबाघरचं नाही. बाप यंत्रमागावर राबतो आणि आई विड्या वळते, हा भाग वेगळा. पण उष्टावणाला प्रत्येकाच्या तोंडात चांदीचा चमचा गेलेला आहे, आणि ती व्यवस्था कुमुदबाईंनी केलेली आहे.

कुमुदबाई म्हणजे माझ्या समोरच्या घरात राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. त्यांनी लग्न केलं नाही आणि इंग्रजी सोडली नाही. त्यातही त्यांचा जीव जडला तो चांदीच्या वाक्प्रचारांवर. सोन्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. सोनं कपाटात ठेवायचं असतं, चांदी रोज वापरायची असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या चांदी रोज वापरतात, तोंडानं. आभाळ भरून आलं आणि तसंच निघून गेलं की गॅलरीत उभ्या राहून म्हणतात, "आपल्या सोलापूरला नुसतं सिल्व्हर लायनिंगच येतं. अस्तर आलं, कापड कुठंय?" निवृत्तीच्या वेळी शाळेनं त्यांना चांदीचं ताट दिलं. बाईंनी ते सराफाला दाखवलं, तर निघालं पांढऱ्या पत्र्याचं. बाई खूश. मला कुणी काही आयतं सिल्व्हर प्लॅटरवर आणून दिलं नाही, हे आता पुराव्यानिशी सांगता येईल, म्हणाल्या. ते ताट अजून दर्शनी भिंतीवर आहे.

चमच्याची गोष्ट त्याआधीची. बाई आठवीच्या वर्गात 'बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून' शिकवत होत्या. म्हणजे श्रीमंताघरी जन्मलेला, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आमच्या तोंडात काय हुतं?" त्या संध्याकाळी बाईंनी सराफाकडून एक चमचा घेतला. तेव्हापासून गल्लीत कुठंही उष्टावण असलं की बाई चिंचेनं घासलेला चमचा पांढऱ्या रुमालात गुंडाळून हजर.

नियम एकच. भरवायचं ते मामानंच. "नो मामा, नो स्पून." घास पोटात गेला की बाई मोठ्यानं जाहीर करतात, "बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून." माझ्या मुलीच्या वेळी माझा मेहुणा म्हणाला की जन्माला तर सहा महिने होऊन गेले. बाई म्हणाल्या, तोंड उघडायला तेवढा वेळ लागतोच.

पुढं यातलं कुणी आपलं कुठलं एवढं नशीब म्हणून रडायला लागलं की बाई खडसावतात. तुला असं बोलायचा हक्क नाही, तू चांदीच्या चमच्यानं जेवलेला आहेस. आणि खरं सांगतो, पोरं ऐकतात. आमच्या गल्लीतली एक मुलगी मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, दोघं इंजिनियर आहेत. सगळं श्रेय चमच्याला. जो नुसता कट्ट्यावर बसून असतो, त्याच्या मामाचा हात भरवताना हलला असणार.

शेजारच्या श्रीनिवासअण्णांनी शेवटचे माग भंगारात काढले, तेव्हा बाई टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. "अण्णा, यू आर सेलिंग द फॅमिली सिल्व्हर. घराण्याची चांदी विकताय!" अण्णा म्हणाले की बाई, ते लोखंड आहे. बाई त्यांच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. अण्णांच्या नातवाचं उष्टावण ठरलं, तेव्हा चमचा घेऊन मात्र वेळेवर गेल्या.

अण्णांची सून रेखा मंगळवेढ्याची. तेलुगू घरात स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं म्हणून माहेरानं तोडलेली. पण भाऊ येतो म्हणाला होता. आम्ही सगळे वाट बघत बसलो. खीर निवली, पुन्हा गरम केली, पुन्हा निवली. मग भावाचा फोन आला. रेखा दोन शब्द ऐकून फोन ठेवून आली आणि पोराला घेऊन पाटावर बसली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अण्णा हळूच म्हणाले, पोराचा बापच भरवू दे. बाई रुमाल हातात घेऊन नेहमीसारख्या पंख्याखालच्या खुर्चीवर होत्या. नियम त्यांचाच होता, आणि आज तो त्या पोरीच्या गळ्याशी आला होता.

रेखानं मान वर केली. "बाई, मामाच्या जागी तुमीच बसा की."

मला तेव्हा उमगलं की इतकी वर्षं लोक बाईंच्या हातून चमचा घ्यायचे, त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. भरवायला कुणी बोलावलं नव्हतं.

बाई उठल्या. पाटाजवळ बसताना त्यांनी पदर खोचला, चमच्यात खीर घेतली, आणि त्यांचा हात इतका थरथरला की रेखानं तो खालून धरला. पोरानं घास घेतला आणि चमचा सोडेना. बाईंनी इंग्रजीत एक अक्षर काढलं नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच वाहू दिले. आमच्या गल्लीत इतक्या डौलानं बसलेला मामा मी दुसरा पाहिला नाही.

ते पोरगं आता चालायला-बोलायला लागलंय. रोज सकाळी बाईंच्या उंबऱ्यावर उभं राहून "मामा" म्हणून हाका मारतं. परवा अण्णा त्याला समजावत होते, अरे, आजी म्हण. आतून बाईंचा आवाज आला, "काही गरज नाही."